मागच्या आळीचे मीटर

धनेश घरत स्टुलावर चढून मीटरचा फोटो काढत होता, तेवढ्यात खालून कुणीतरी विचारलं, "काका, हा मीटर एवढा वर का बसवलाय?"

त्याचा हात हलला. मोबाइलच्या पडद्यावर 'फोटो अस्पष्ट' असं आलं. त्याने वैतागून खाली पाहिलं. पंचवीस-सव्वीसची एक मुलगी ओट्याशी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, डोक्यावर कापडी टोपी. प्रश्न त्याला होता, पण उत्तर ओट्यावर जवळा निवडत बसलेल्या मालूकाकीने दिलं.

"पोरं दगड मारतात. म्हनून वर घेतला."

मुलीने मान डोलावली आणि ती आपल्या टॅबकडे वळली. "बरं आजी, गेल्या वीस वर्षांत घरात पाणी शिरलं होतं का? शिरलं असेल तर साधारण कुठपर्यंत?"

"पाऊस पडला का सगलीकडंच पानी. घरात नाय येत."

धनेशने काकीकडे पाहिलं. तिने जवळ्यातून मान वर केली नाही. चार वर्षांपूर्वीच्या जुलैत याच घरात छातीएवढ्या पाण्यात उभं राहून धनेशने तिचं शिलाई मशीन डोक्यावर धरलं होतं. मीटर वर गेला तो त्याच्या पुढच्या आठवड्यात.

"काका, तुम्ही इथलेच का?" मुलीने विचारलं.

"हो. ते चौथं घर आमचं."

"तुमच्याकडे शिरतं पाणी?"

"मला पुढं जायचंय, मॅडम. आज पन्नास घरं करायचीत." त्याने स्टूल मिटलं, खांद्याला लावलं आणि तो निघाला. हे उत्तर नव्हतं, हे त्याला कळत होतं. तिलाही कळलं असावं, कारण तिने पुढचा प्रश्न विचारला नाही.

मुलीचं नाव आभा. पनवेल तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावांचा पूर आराखडा करायचं काम तिच्या संस्थेकडे होतं. पाऊस वाढतोय, समुद्र वर येतोय, तर गावांना काय हवं ते गावांनाच विचारून ठरवायचं, असं त्या कामाचं स्वरूप होतं. म्हणून ती आठवडाभर तिवरपाड्यात दारोदार फिरत होती. आणि आठवडाभर तिवरपाडा तिला सांगत होता, की आमच्याकडे पाणी येत नाही.

कारण साधं होतं. घर पूररेषेत गेलं की बांधकामाची परवानगी गेली, असं कुणीतरी पनवेलहून ऐकून आलं होतं. आणि तिवरपाड्यात त्या वर्षी प्रत्येक घरात कुणाचं तरी बांधकाम मनात होतं. कुणाला वर एक मजला चढवायचा होता, कुणाला लेकासाठी बाजूला खोली काढायची होती.

धनेश एकतीस वर्षं मीटर वाचत होता. तेविसाव्या वर्षी लागला, तेव्हा हातात वही आणि बॅटरी असायची. मग छोटं यंत्र आलं, मग मोबाइल. रीडिंगचं कंत्राट घेणाऱ्या एजन्सी बदलत गेल्या, धनेश तोच राहिला. तिवरपाडा आणि शेजारची चार गावं त्याच्याकडे. सुरुवातीला मीटर छातीच्या उंचीवर असायचे, तो किंचित वाकून आकडे वाचायचा. पुढे कधीतरी मान वर करावी लागू लागली. मग टाचा उचलाव्या लागल्या. तीन-चार वर्षांपूर्वी त्याने पनवेलच्या बाजारातून घडीचं स्टूल आणलं. मानेचं दुखणं वयामुळे आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते त्याने मानलं.

दुपारी तो पुढच्या आळीत गेला. तिवरपाड्याला दोनच आळ्या. पुढची आळी खाडीकडे, जुन्या उंचवट्यावर, पूर्वजांची. मागची आळी रस्त्याकडे. तिथे पूर्वी भातशेती होती. घरं वाढली तसे मुलगे त्या शेतात घरं बांधत गेले. धनेशच्या वडिलांनीही तिथेच बांधलं होतं.

पुढच्या आळीतली तेवीस घरं झाली आणि पाणी प्यायला तो गोदूआजीच्या ओट्यावर टेकला. स्टूल खांद्यावरून खाली ठेवताना त्याच्या ध्यानात आलं, की तेवीस घरांत त्याने ते एकदाही उघडलं नव्हतं.

तो उठून पुन्हा भिंतीपाशी गेला. गोदूआजीचा मीटर त्याच्या छातीसमोर होता. लाकडी फळीही जुनीच, कडेने वाळवी लागलेली.

"आजी, हा मीटर कधी हलवलाय का?"

"माजे लग्नात बसवला त्यो. कशाला हलवू?"

"पाच सालच्या पुरात?"

"पायऱ्या भिजल्या. खाडी आमचे उंबऱ्याला पाय लावून गेली." आजी हसली. "का रं? आज काय नवीन इचारतंस?"

"काय नाय. असाच."

पण ते असंच नव्हतं. खाडी आजीच्या दारापासून दगडाच्या टप्प्यावर होती. मागची आळी तिथून बरीच आत. खाडी गावात शिरते, असं तो लहानपणापासून ऐकत होता, स्वतःही म्हणत होता. मग खाडी आजीचं घर ओलांडून, आजीला न भिजवता, मालूकाकीच्या छातीला कशी लागली?

संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने सुताराची टेप काढली आणि स्वतःच्याच ओट्यावरच्या भिंतीशी उभा राहिला. मीटर वर होता. त्याच्याखाली सिमेंट भरलेली चार भोकं होती. त्याच्याखाली आणखी चार. रोज समोर असलेली भिंत, पण त्याने ती भोकं कधी मोजली नव्हती.

रंजिता, त्याची बायको, पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. "यवरी वर्षा झाली, आज काय मोजताव?"

"खालची कवाची?"

"ती पहिलीच. बाबांनी बसवला तवाची. मधली पाच सालाची. मंग एकवीसला वर घेतला." तिने जरा विचार केला. "वायरमन बोललेला, पाण्याच्या खुनेच्या एक हात वर ठेवा. तुमी कामाला गेलेलाव. मी दाखवली त्याला खून. आपले मनस्वीचा अभ्यासाचा टेबल होता ना, त्याचे वर इथंवर."

तिने भिंतीवर पिठाचं बोट टेकवलं. धनेशने टेप धरली. चार फूट दोन इंच.

"रंजिता, पानी कुठून आलेला?"

"खाडीतशी. आनि कुठून येल?"

"तू बघितलास?"

"पोरीला माळ्यावर चढवत होती मी," ती म्हणाली. "पानी बघाला कोन थांबलाय."

पुढचे तीन दिवस धनेशने रीडिंग घेतलं आणि सोबत टेप लावून भिंतीवरच्या खुणांची मापंही वहीत लिहिली. लोकांना वाटलं कंपनीचंच काहीतरी काम असेल. नवे मीटर येणार होते, जे आपलं रीडिंग आपणच पाठवतात. त्याचंच माप असेल. धनेशने त्यांचा समज मोडला नाही. त्या नव्या मीटरांनी त्याची नोकरी जाणार होती, तेव्हा त्यांच्या नावावर थोडं खपवायला हरकत नव्हती. पुढची आळी, एकेचाळीस घरं: मीटर हललेले चार, तेही गिलावा नवा केला म्हणून. मागची आळी, अठ्ठावन्न घरं: एकदा तरी हललेले सगळे, दोनदा हललेले बत्तीस. आणि एक गोष्ट अशी की रस्त्याच्या जितकं जवळ जावं तितकी भोकं वर.

शेवटचं घर शकूचं. रस्त्याखालून पाणी जायला जी मोरी आहे, तिला लागून. नवरा गेल्यावर तिने तिथेच ट्रकवाल्यांसाठी चहा-भजीची टपरी टाकली होती. न्हावा शेव्याकडे जाणारे कंटेनर दिवसभर डोक्यावरून धडधडत जात. धनेशने तिच्या भिंतीवरची भोकं बघितली. तीन ओळी होत्या.

"शकू, पानी आलेला तवा कुठून आलेला?"

शकूने झारा कढईच्या काठावर ठेवला आणि रस्त्याकडे हात केला. "मोरीतशी. तिकडं भराव घातलाय ना वसाहतीचा, तिथला सगला पानी या मोरीत. ती आपली एवढुशी. तोंड फुटल्यासारखा येतं." मग तिने धनेशकडे जरा दयेने पाहिल्यासारखं केलं. "दादा, खाडीतशी आला असता तर पयला तुमी भिजला असताव, मी शेवटाला. पयली मीच भिजते. तिन्ही वेला."

"मग तू कुणाला सांगितला का नाय?"

"इचारला कोनी?"

रविवारी सकाळी गुरुदत्त आला. धनेशचा धाकटा भाऊ, शेजारच्याच घरात राहणारा. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर. तो ओट्यावर बसला नाही.

"दादा, तू भिंती मोजतोस असा ऐकला."

"हो."

"त्या सर्व्हेवाल्या पोरीला देनार हायस?"

"ठरवला नाय."

"मग मी सांगतो. देऊ नको." गुरुदत्तचा आवाज चढला नव्हता, त्याने हे बोलणं मनात पुष्कळदा करून पाहिलेलं दिसत होतं. "तुजा, माजा आनि बाजूचे दोन, चार प्लॉट मिळून सात मजले व्हतात. बिल्डर तयार हाय. तुला दोन फ्लॅट, मला दोन. मनस्वीला घर व्हईल. पूररेषेत गेलो का तो मानूस फोन पन उचलनार नाय."

"आनि पानी?"

"खाली पार्किंग. येऊ दे ना पानी. आपून तिसऱ्या मजल्यावर."

"मालूकाकी?"

मालूकाकीचं घर त्या चार प्लॉटांत नव्हतं.

"दर वेळी सगल्यांचा बघायचा असंल," गुरुदत्त म्हणाला, "तर माजे पोरांचा कोन बघनार?" आणि तो गेला.

धनेशला राग आला नाही. भावाचं म्हणणं खोटं नव्हतं. नोकरी जायला काही महिनेच उरले होते आणि दोन फ्लॅट ही काही लहान गोष्ट नव्हती. त्याने वही फळीवर ठेवली. सभेत जायचं, ऐकायचं आणि परत यायचं, असं त्याने ठरवलं.

सभा बुधवारी शाळेच्या मोठ्या वर्गात भरली. बाकं बाहेर काढून सतरंज्या घातल्या होत्या. भिंतीवर तिवरपाड्याचा नकाशा लावला होता, इतका मोठा की लोक आपापलं घर बोटाने शोधत होते. आभासोबत तिचे वरिष्ठ आले होते, सत्यजीत नावाचे, पन्नाशीचे, कपाळावर चष्मा. एक सरकारी अधिकारीही होते. धनेश मागे खिडकीपाशी बसला. वही त्याने आणली होती. का आणली ते त्याला सांगता आलं नसतं.

सत्यजीत म्हणाले, "आम्ही नव्याण्णव घरांना विचारलं. घरात पाणी येत नाही असं चौऱ्याण्णव घरांनी सांगितलं. चांगली गोष्ट आहे. तरीही खाडीचा धोका आहेच. पाणी आलंच तर कुठून येईल असं तुम्हाला वाटतं?"

"खाडीतशी!" सगळे एकदम म्हणाले. यावर कुणाचं दुमत नव्हतं.

"आमच्या कॉम्प्युटरचंही तेच म्हणणं आहे." सत्यजीतनी नकाशावर खाडीच्या कडेने एक जाड रेघ दाखवली. "म्हणून इथे भिंत. अडीच मीटर उंच, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाडीचं पाणी गावात यायचं नाही. आणि भिंत झाली की गाव पूररेषेच्या बाहेर."

वर्गात एकदम हालचाल झाली. कुणीतरी टाळी वाजवली, मग पुष्कळांनी वाजवली. गुरुदत्तने वळून धनेशकडे पाहिलं आणि किती दिवसांनी तो हसला. भिंतही मिळणार, परवानगीही मिळणार. कुणालाच काही सोडावं लागणार नव्हतं.

धनेश नकाशाकडे बघत होता. एका बाजूला रस्त्याचा भराव. दुसऱ्या बाजूला आता ही भिंत. मध्ये मागची आळी. मोरीतून पाणी येणार आणि ते जाणार कुठे? आत्तापर्यंत ते दोन-तीन दिवसांत हळूहळू पुढच्या आळीच्या गटारातून खाडीला मिळायचं. आता त्याला घरंगळायलाही वाट नव्हती. परातीत ओतल्यासारखं ते तिथेच राहणार होतं.

त्याला आभाचा पहिला प्रश्न आठवला नाही की शकू आठवली नाही. त्याला फक्त असं वाटलं, की हे विचारायलाच हवं. तो उभा राहिला.

"साहेब, एक इचारू का? भिंत बांधल्यावर आतला पाणी बाहेर कुठून जाणार?"

"आतलं पाणी?" सत्यजीतनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आत पाणी येतच नाही ना?"

माणसं सतरंजीकडे बघू लागली.

धनेशने वही उघडली. त्याला भाषण करता येत नव्हतं. आकडे मात्र एकतीस वर्षं वाचले होते, तेच त्याने वाचले. नावं घेतली नाहीत. "मागची आळी. रस्त्याकडून पहिलं घर. मीटर तीनदा हलवला. शेवटची खूण पाच फूट एक इंच. दुसरं घर. दोनदा. चार फूट अकरा. तिसरं घर..." तो वाचत गेला. आवाज सपाट होता, बिल वाचून दाखवावं तसा. सातव्या घरापाशी गुरुदत्त उठला.

"मीटर वाचायचा काम हाय तुजा! लोकांच्या भिंती वाचायचा नाय!"

"बरोबर बोलतो गुरू," कुणीतरी म्हणालं. "कोनी परवानगी दिली?"

अधिकारी घसा साफ करून म्हणाले, "हे बघा, भिंतीतल्या भोकांवरून सरकारी आराखडा होत नसतो. तुम्ही काय आहात, इंजिनिअर?"

"नाय साहेब," धनेश म्हणाला. "मीटर रीडर."

दोघं-तिघं हसले. धनेशने वही मिटली, आणि बसावं की बाहेर जावं हे ठरवत तो तसाच उभा राहिला. तेवढ्यात बायकांच्या बाजूने कुणीतरी भिंतीचा आधार घेत उठलं. मालूकाकी होती.

ती धनेशकडे बघत नव्हती. आभाकडे बघत होती. "पोरी, मी तुला खोटा सांगितला," ती म्हणाली. "पोरं दगड नाय मारत. पानी आलेला, इथवर." तिने हात छातीवर आडवा धरला. "या धन्याने माजी मशीन डोक्यावर धरली. माजे लेकाला वर खोली बांधायची हाय, म्हनून बोलले नाय. पन भिंत बांधून तो पानी आतच र्‍हानार असंल, तर खोली कोनासाठी बांधू?"

ती खाली बसली. सत्यजीतनी अधिकाऱ्यांना हळूच काहीतरी विचारलं आणि मग मोठ्याने म्हणाले, "आपण ती भोकं बघू या का? सगळेच जाऊ."

भर दुपारी सगळी सभा मागच्या आळीत गेली. सुरुवातीला माणसं लांबून चालत होती. पहिल्या चार-पाच घरांत धनेशने टेप धरली आणि आभाने आकडे लिहिले. मग बायकांनीच पुढाकार घेतला. एकीने कपाट सरकवून मागची खूण दाखवली. दुसरीने देवघराची फळी दाखवली. तिच्याकडे पाणी फळीच्या खाली दोन बोटं थांबलं होतं. तिसरी म्हणाली, माझी खूण हिच्यापेक्षा वर आहे, नीट मोजा. ज्या घरांत आठवडाभर पाणी येत नव्हतं तिथे आता पाण्याची चढाओढ लागली. अधिकारीही घाम पुसत एका ओट्यावर चढले आणि स्वतः भोकात बोट घालून बघू लागले.

शकूच्या टपरीपाशी पोहोचल्यावर सत्यजीत मोरीसमोर खाली बसले. तोंड जेमतेम दोन फूट रुंद. निम्म्यात माती.

"याच्यातून सगळ्या भरावाचं पाणी येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं," शकू म्हणाली. "चहा घेनार?"

आभा धनेशच्या बाजूला उभी होती. "काका, तुम्हाला त्या दिवशी सगळं माहीत होतं ना?"

"नाय ताई," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. "एकतीस वर्षं बघत होतो. माहीत नव्हतं."

पावसाळा संपल्यावर नवा नकाशा आला. खाडीकडची भिंत त्यात नव्हती. मोरी रुंद करायची होती आणि बुजलेला जुना नाला, भातशेतीचं पाणी ज्यातून खाडीला जायचं तो, पुन्हा उकरायचा होता. पण मागच्या आळीवर पिवळा रंग होता. त्या रंगात दोन मजल्यांपेक्षा वर परवानगी नव्हती, आणि बांधायचं तर खांबांवर. मालूकाकीच्या मुलाची खोली खांबांवर झाली. बिल्डरने मात्र फोन उचलणं बंद केलं. गुरुदत्त म्हणाला होता, अगदी तसंच.

त्याच महिन्यात नवे मीटर बसले. शेवटच्या दिवशी धनेशने एजन्सीला मोबाइल परत केला आणि पावतीवर सही घेतली. कुणी निरोप दिला नाही, द्यायचा असतो असं कुणाला वाटलंही नसेल. पुढच्या महिन्यापासून तो रोडपालीतल्या एका सोसायटीत पाण्याचे पंप सांभाळू लागला. येता-जाता गुरुदत्त दिसायचा. दोन घरांच्या मध्ये सहा फुटांची गल्ली होती, पण भाऊ तिच्याकडे बघायचाही नाही. दिवाळीत रंजिताने फराळाचं ताट पाठवलं. ताट धुऊन, रिकामं परत आलं. अशा ताटात चार चकल्या तरी घालून पाठवतात, हे गुरुदत्तच्या बायकोला माहीत नव्हतं असं नाही. रंजिताने ते फळीवर ठेवलं.

फेब्रुवारीत गुरुदत्तने रोडपालीत भाड्याने फ्लॅट घेतला. सामान न्यायला टेम्पो आला त्या दिवशी धनेशची सुट्टी होती. तो ओट्यावर बसून बघत होता. गाद्या गेल्या, फ्रीज गेला, मुलांच्या सायकली गेल्या. मग आईचं लोखंडी कपाट बाहेर निघालं. वाटणीत ते गुरुदत्तकडे गेलं होतं. टेम्पोवाला एका बाजूने आणि गुरुदत्त दुसऱ्या बाजूने उचलत होते. टेम्पोवाल्याची पाठ धरली आणि कपाट दारातच तिरपं अडकलं.

धनेश उठला. त्याने टेम्पोवाल्याची बाजू धरली. गुरुदत्तने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण पकड सोडली नाही. दोघांनी कपाट उभं केलं, आडवं घेतलं, दारातून काढलं. आत हँगरवर काहीतरी एकटंच हलत होतं, त्याचा आवाज येत राहिला. टेम्पोच्या फळीवर चढवताना गुरुदत्त म्हणाला, "खाली धर," आणि धनेशने खाली धरलं.

टेम्पो निघाला, पण रस्त्यापाशी थांबला. मोरीचं काम चालू होतं. जुनी मोरी फोडून मोठा खड्डा केला होता, सळया बांधल्या होत्या आणि त्यावरून लोखंडी पत्रे टाकून गाड्या सोडत होते. समोरून कंटेनर येत होता. मुकादमाने हात करून टेम्पोला थांबायला सांगितलं.

धनेश मागून चालत आला होता. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. कपाट नीट बांधलं आहे ना ते बघायला, असं तो म्हणाला असता.

गुरुदत्त पुढच्या सीटवरून उतरला. खड्ड्याच्या काठाशी जाऊन तो खाली वाकून बघू लागला. बराच वेळ बघत राहिला. कंटेनर गेला, धूळ बसली. मुकादम शिट्टी वाजवत होता.

"किती रुंद करतात?" त्याने विचारलं. मुकादमाला नाही, मागे न वळता धनेशला.

"आठ फूट."

"पुरंल?"

धनेश त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. खाली दोन मजूर सळयांना तार गुंडाळत होते. खड्ड्याच्या तळाशी पाण्याचा पातळ ओघळ होता, तो गावाकडे चालला होता.

"माहीत नाय," तो म्हणाला.

गुरुदत्तने मान हलवली आणि तो टेम्पोत जाऊन बसला. पत्र्यावरून जाताना टेम्पो एकदा जोरात हलला. आईचं कपाट दोरीत किंचित झुकलं आणि पुन्हा सरळ झालं. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत धनेश रस्त्याच्या कडेला उभा होता.